फ्रीडरिखच्या ‘बर्फाच्या समुद्रा’ची तैलरंगात प्रत: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिखचं ‘बर्फाचा समुद्र’ हे चित्र प्रत करायला सोपं वाटतं. माणूस नाही, चेहरा नाही, झाडपाला नाही. एकावर एक चढलेल्या बर्फाच्या लाद्या, वर आकाश, आणि उजवीकडे बर्फाखाली दबलेलं जहाज, तेही जेमतेम दिसणारं. म्हणून तैलरंग शिकणारे हौसेने हे चित्र घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात अडकतात. बर्फ चुन्याचा ढीग दिसायला लागतो, जहाज खेळण्यातलं वाटतं आणि सगळं चित्र निळं पडतं.

मला दाखवायला आणलेल्या प्रतींमध्ये हात कच्चा असल्याची अडचण क्वचित दिसते. बिघडतो तो क्रम. लोक जहाजापासून सुरुवात करतात, कारण गोष्ट तिथे आहे. बर्फ म्हणजे पांढरा, म्हणून पहिल्याच दिवशी पांढऱ्याची ट्यूब पिळतात. या चित्रातला बर्फ उभा राहतो तो लाद्यांच्या कोनांवर आणि तुटलेल्या कडांवर. शुद्ध पांढरा अगदी शेवटी, अगदी थोडा लागतो. पुढचे सगळे टप्पे याच हिशोबाने लावले आहेत. ते मागेपुढे करू नका.

तयारी १: छापील चित्र कोणतं घ्यायचं

मूळ चित्र १८२३–२४ मधलं आहे आणि हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयात आहे. इंटरनेटवर त्याची असंख्य रूपं फिरतात. काही पिवळी, काही गडद निळी, काही कडेने कापलेली. शोधताना ते ‘आशेचा विध्वंस’ अशा अर्थाच्या नावानेही सापडतं. ते नाव फ्रीडरिखच्या दुसऱ्याच, आता हरवलेल्या चित्राशी गल्लत होऊन याला चिकटलं. प्रतिमा मात्र हीच.

संग्रहालयाच्या संग्रहातली मोठी प्रतिमा घ्या आणि दोन प्रिंट काढा, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. प्रिंट मॅट कागदावर हवी, चकचकीत नको. मोबाईलच्या पडद्याकडे बघून रंगवू नका. पडद्यावरचा पांढरा स्वतः उजळतो, कॅनव्हासवरचा उजळत नाही. पडद्याशी स्पर्धा करायला गेलात की हात पांढऱ्याकडे वळलाच.

तपासा: पुढच्या लाद्या तपकिरी-पिवळसर, मधला ढीग त्याहून फिका आणि मागचा बर्फ निळसर, असे तीन वेगळे पट्टे रंगीत प्रिंटमध्ये दिसले पाहिजेत. तिन्ही निळेच दिसत असतील तर ती प्रिंट बाजूला ठेवा.

तयारी २: कॅनव्हास

मूळ माप ९६.७ × १२६.९ सेंटीमीटर, म्हणजे उंचीला १ तर रुंदीला साधारण १.३१. दुकानातला तयार कॅनव्हास या प्रमाणात बसत नाही. १८ × २४ इंची घेतलात तर रुंदीत सुमारे १ सेंटीमीटर जास्त होतं, १२ × १६ इंचीत साधारण अर्धा सेंटीमीटर. लोक चित्र ताणून ती जागा भरतात. बाकी चित्रात हे खपून जाईल, इथे नाही, कारण ताणलं की प्रत्येक लादीचा कोन बदलतो. जास्तीची पट्टी पेन्सिलने आखून सोडून द्या, फ्रेममध्ये झाकली जाते. चौकट सुताराकडून करून घेणार असाल तर ४८ × ६३ सेंटीमीटर सांगा. ते मूळच्या जवळजवळ निम्मं माप आहे.

तयार कॅनव्हासचा पोत खरबरीत असतो. फ्रीडरिखचा रंग पातळ आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो, खरबरीत कापडावर ते जमणार नाही. जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन पातळ हात द्या, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. वाळल्यावर झिरो नंबरच्या सँडपेपरने हलक्या हाताने घासा. घासताना तोंडाला मास्क बांधा.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो. मागच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकून ताण आणा, मगच आखणीला बसा. आखणी झाल्यावर ताण देऊ नका.

तयारी ३: रंग आणि माध्यम

सात ट्यूब पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. काळा आणूच नका. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून येणारा गडद रंग या चित्राला पुरेसा आहे आणि तो मरगळलेला दिसत नाही.

पांढऱ्याबद्दल एक सांगायला हवं. फ्रीडरिखच्या काळात पांढरा शिशाचा असे, ऊबदार आणि काहीसा पारदर्शक. टायटॅनियम व्हाइट विसाव्या शतकातला. तो थंड आहे आणि खालचं सगळं झाकून टाकतो. म्हणून पॅलेटवर काढल्या काढल्याच त्यात यलो ऑकरचा कण मिसळून ठेवा. शुद्ध पांढरा वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, त्याला शेवटच्या टप्प्यापर्यंत ब्रश लागता कामा नये.

प्रशियन ब्लू काडेपेटीच्या गुलाएवढाच काढा. जास्त काढलात तर तो सगळ्यात शिरतो.

ब्रश मऊ केसांचे: एक दोन इंची चपटा, दोन मध्यम चपटे, दोन बारीक गोल. पॅलेट नाइफ फक्त रंग कालवायला. नाइफने बर्फ ‘कापून’ दाखवण्याची सवय मला या चित्रासाठी अजिबात मान्य नाही. नाइफचा जाड थर स्वतःची सावली पाडतो आणि फ्रीडरिखने रंगवलेल्या सावलीशी भांडतो.

सावध: खोलीत हवा खेळती ठेवा, टर्पेंटाइनची वाफ डोक्यात जाते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून डब्यात किंवा कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

तयारी ४: बर्फ आधी हातात घ्या

हा भाग बहुतेक जण गाळतात. माझ्या मते अर्धी लढाई इथेच जिंकता येते.

फ्रीडरिख उत्तर ध्रुवाकडे कधी गेला नव्हता. १८२०–२१च्या हिवाळ्यात ड्रेस्डेनला एल्बे नदीवर बर्फाच्या लाद्या वाहत आल्या, साचल्या, एकमेकींवर चढल्या. त्यांची त्याने जवळून तैलरंगात अभ्यासचित्रं केली. मोठ्या चित्रातल्या लाद्या इतक्या खऱ्या वाटतात त्या यामुळे. लादी तुटते कशी, तुटलेल्या बाजूला जाडी कशी दिसते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्याकडे नदी गोठत नाही, पण प्लास्टर ऑफ पॅरिस कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एका ट्रेमध्ये प्लास्टिकचा कागद अंथरा. एक वाटी पाण्यात दोन वाट्या पावडर हळूहळू सोडून कालवा आणि ट्रेमध्ये बोटाच्या जाडीइतकं ओता. तासाभराने काढून हाताने तोडा. सुरीने कापू नका, कापलेली कड सरळ येते आणि आपल्याला तुटलेली हवी. तुकडे एकमेकांवर तिरके रचा, एका बाजूने टेबललॅम्प लावा. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, पाइपमध्ये घट्ट बसेल.

आता पेन्सिलने फक्त तीन छटांत हा ढीग काढा: वरचा सपाट पृष्ठभाग, तुटलेली जाडी आणि खालची सावली. प्लास्टर सगळं पांढरंच आहे, तरी वहीवर पांढरा कागद किती थोड्या जागी उरतो ते बघा. हे रेखाटन दोन-तीन वेगळ्या बाजूंनी करा आणि भिंतीला लावून ठेवा.

टप्पा १: चौकटी

चौकटींसाठी कॅनव्हासवर पेन्सिलच्या रेघा मारू नका. तैलरंगाचा पातळ थर वर्षांनुवर्षं अधिक पारदर्शक होत जातो आणि खालच्या रेघा वर दिसायला लागतात, आकाशात तर सगळ्यात आधी. कडेला टाचण्या टोचून पांढरा दोरा ताणा. आडव्या आठ आणि उभ्या सहा चौकटी पुरतात. प्रिंटवर त्याच चौकटी पेनाने आखा.

टप्पा २: रेखाटन

आधी क्षितिज. पट्टी लावून, अगदी आडवं. मधला ढीग इतका तिरका आणि अणकुचीदार वाटतो, कारण त्याच्यामागे ही एक रेघ स्वस्थ पडलेली आहे. क्षितिज जरा कललं तरी ढिगाचा जोर जातो.

मग ढिगाची बाहेरची आकृती, एकच मोठा त्रिकोण समजून. त्याच्या आत सात-आठ प्रमुख लाद्यांच्या दिशा. प्रत्येक दिशा गुण्याने मोजा: प्रिंटवर गुण्या टेकवा, कोन धरा, तो कॅनव्हासवर आणा. यात कमीपणा नाही. केर्स्टिंग या मित्राने १८११ मध्ये रंगवलेलं फ्रीडरिखच्या स्टुडिओचं चित्र पाहा, तेही हॅम्बुर्गलाच आहे. उघड्या भिंतीवर पॅलेटच्या शेजारी पट्टी आणि गुण्या टांगलेले आहेत.

यानंतर लाद्यांची जाडी. हमखास चूक अशी की सगळ्या लाद्या एकाच जाडीच्या होतात आणि ढीग फरशांची चळत दिसतो. प्रत्येक लादी प्रिंटवर स्वतंत्र मोजा.

जहाजाची सध्या फक्त जागा राखायची. हलक्या रेघेची एक चौकट, बास. तिच्या रुंदीचं चित्राच्या रुंदीशी प्रमाण पट्टीने तपासा. मनावर विसंबून काढलेलं जहाज नेहमी मोठं येतं.

तपासा: कॅनव्हास उलटा करा, प्रिंटही उलटी करा. चुकलेले कोन आता लगेच डोळ्यांत भरतील. दुरुस्त करा, दोरा काढा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरने बारीक ब्रशने रेखाटन पक्कं करा आणि पेन्सिल पुसून टाका.

टप्पा ३: तपकिरी थर

रॉ अंबर आणि टर्पेंटाइन, एवढंच. तेल नाही, पांढरा नाही. कृष्णधवल प्रिंट समोर ठेवून संपूर्ण चित्र याच एका रंगात करा. उजेडाच्या जागी कॅनव्हास उघडा ठेवा किंवा फडक्याने रंग पुसा. मधल्या ढिगात लाद्यांच्या मधल्या फटी सर्वांत गडद.

अंबर लवकर वाळतो, म्हणून सुरुवातीला तोच बरा. पुढचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा जास्त तेलाचा असेल. उलट केलंत, म्हणजे तेलकट थरावर कोरडा थर दिलात, तर वरचा आधी वाळून कालांतराने तडकतो.

तपासा: डोळे बारीक करून तीन मीटरवरून बघा. ढीग आत्ताच, एकाच तपकिरीत, टोकदार आणि जड वाटला पाहिजे. वाटत नसेल तर रंगाने तो सुधारणार नाही. इथेच थांबा, फडक्याने पुसा, पुन्हा करा.

टप्पा ४: आकाश, एकाच बैठकीत

पांढरा, अल्ट्रामरीन आणि रॉ अंबरचा थोडा अंश. सगळं आकाश पुरेल एवढा रंग आधीच कालवून तीन ढिगल्या करा: गडद, मधली, फिकी. अर्ध्यात रंग संपला की तोच पुन्हा जमत नाही आणि आकाशात जोड दिसतो.

मध्यम चपट्याने लावा, दोन इंची कोरड्या ब्रशने आडवं-उभं फिरवून सांधे पुसून टाका. ढिगाच्या कडेवरून आकाश दोन-तीन मिलिमीटर आत जाऊ द्या. कडेपाशी थांबलात तर लादीभोवती पांढरी किनार राहते आणि ढीग कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

आकाशात शुद्ध पांढरा कुठेही नाही. त्याची सर्वांत फिकी जागासुद्धा लाद्यांच्या उजळ कडांपेक्षा एक पायरी खाली ठेवा.

पूर्ण वाळू द्या. कोरड्या हवेत साधारण आठवडा, कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्या दुप्पटही लागू शकतो. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतो. पंखा लावून फक्त धूळ बसेल.

टप्पा ५: मागचा बर्फ

पांढऱ्यात प्रशियन ब्लूचा कण आणि तो शांत करायला रॉ अंबर. गडद-उजळ यांतला फरक अगदी कमी, कडा मऊ. मागे दिसणारा दुसरा हिमढीग पुढच्याइतका कोरीव केलात तर दोघांमधलं अंतर संपतं. हा टप्पा एका दुपारचा आहे, रेंगाळू नका.

टप्पा ६: पुढच्या लाद्या

मधला ढीग बघून हात शिवशिवतील, पण आधी पुढचा भाग घ्या. यलो ऑकर, रॉ अंबर, थोडा बर्न्ट सिएना. हा चित्रातला ऊबदार टोकाचा रंग. मागचा निळसर आणि पुढचा तपकिरी अशी दोन्ही टोकं जागेवर असली की मधला करडा किती थंड, किती ऊबदार हे डोळ्याला ठरवता येतं. ती नसताना मधला ढीग रंगवणारा प्रत्येक जण तो जास्तच निळा करतो.

इथला बर्फ मळका आहे आणि तो मळकाच ठेवा. ‘बर्फ असा पिवळा कसा’ म्हणून पांढरा चढवायचा मोह होतो. नदीवर किंवा किनाऱ्यावर साचलेल्या बर्फात माती, वाळू असतेच.

टप्पा ७: मधला ढीग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. माध्यम: एक भाग जवसाचं तेल, तीन भाग टर्पेंटाइन.

एका वेळी एक लादी पूर्ण करा. सगळ्या लाद्यांचे वरचे पृष्ठभाग आधी आणि सावल्या मग, असं केलं की छटा एकसारख्या होतात. प्रत्येक लादीला आधी सावलीची बाजू: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पांढऱ्यात मिसळून करडा. मग जाडीची, तुटलेली बाजू: त्याच करड्यात ऑकर आणि थोडा पांढरा. शेवटी उजळ पृष्ठभाग, ऑकर मिसळलेल्या पांढऱ्याने, तोही राखून.

ब्रश लादीच्या उताराच्या दिशेने ओढा. आडवा ओढलात तर लादीचा तिरपेपणा विरघळतो.

जिथे लादी आकाशाला भिडते तिथे कड धारदार, जिथे लादी दुसऱ्या लादीच्या सावलीत शिरते तिथे कड हरवलेली. सगळ्याच कडा धारदार ठेवणं ही इथली सर्वांत मोठी चूक. भिंतीवरची प्लास्टरची रेखाटनं पाहत राहा, खऱ्या ढिगात निम्म्या कडा दिसतच नाहीत.

तपासा: दोन-तीन लाद्या झाल्या की मोबाईलने फोटो काढून तो कृष्णधवल करा आणि प्रिंटशेजारी धरा. या कामाला मोबाईल उत्तम. तुमचा ढीग प्रिंटपेक्षा फिका दिसेल, हे मी जवळजवळ खात्रीने सांगतो. उजळ पृष्ठभाग एक पायरी खाली आणा.

टप्पा ८: जहाज

आता जहाज. उलथलेल्या जहाजाचा मागचा भाग बर्फातून वर आलेला आहे, बाकी सगळं लाद्यांनी गिळलेलं. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचा गडद, त्यात सिएनाची थोडी ऊब. आधी जहाजाची एकसंध गडद आकृती भरा, तिचा वाक तपासा. ती ओली असतानाच फळ्यांच्या रेघा मोजक्या ओढा. डोलकाठी आणि दोरखंड बारीक गोल ब्रशने, पातळ रंगाने.

जहाजावरून पुढे आलेल्या लाद्यांच्या कडा शेवटी पुन्हा एकदा ओढून घ्या. बर्फ जहाजाच्या वर आहे हे दिसलं नाही तर जहाज ढिगाला टेकवून ठेवल्यासारखं दिसेल.

सावध: जहाजाला उजेडाचा ठिपका देऊ नका. नजर आधी बर्फावर जाते, टोकापर्यंत चढते आणि मग उशिराने उजवीकडे खाली जहाज सापडतं. तो उशीर चित्रकाराने ठरवून ठेवलेला आहे. जहाज ठळक केलंत की बर्फाची भीती जाते आणि नुसता अपघात उरतो. मला हे चित्र ज्या कारणासाठी प्रिय आहे ते हेच, म्हणून इतकं बजावून सांगतो आहे.

टप्पा ९: ग्लेझ

ग्लेझ म्हणजे वाळलेल्या रंगावर दिलेला पारदर्शक रंगाचा पातळ थर. त्याआधी दहा-बारा दिवस थांबा. स्वच्छ बोट फिरवा, रंग लागला नाही तरच पुढे जा. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घेऊन त्यात पारदर्शक रंगाचा अगदी थोडा अंश मिसळा. ढिगाच्या सावल्यांवर अल्ट्रामरीनचा, पुढच्या लाद्यांवर बर्न्ट सिएनाचा हात द्या आणि लगेच मऊ फडक्याने टिपून घ्या. थर डोळ्याला जाणवू नये, सावली फक्त खोल व्हावी. ग्लेझमध्ये पांढरा घातलात की धुकं तयार होतं.

टप्पा १०: शेवटचे पांढरे

आता कोपऱ्यातला शुद्ध पांढरा उघडा. बारीक ब्रशने फक्त त्या कडांवर लावा जिथे लादीचं तुटलेलं टोक थेट उजेडात आहे. प्रिंटवर त्या जागा आधी पेनाने खुणा करून मोजा आणि तितक्याच करा. मग पुढच्या लाद्यांवर विखुरलेले लाकडाचे तुकडे, तेही प्रिंटमध्ये आहेत तेवढेच.

कॅनव्हास आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि मग आरशात बघा. जहाज आधी दिसलं तर त्यावर पातळ बर्न्ट अंबरचा एक ग्लेझ द्या.

वार्निश आणि मागची नोंद

समोर फ्रीडरिखची सही करू नका. मागच्या बाजूला ‘फ्रीडरिखच्या मूळ चित्रावरून प्रत’ असं लिहून तुमचं नाव, वर्ष आणि वापरलेलं माध्यम लिहा.

वार्निशची घाई नको. इतक्या पातळ थरांनाही किमान सहा महिने द्या. वार्निशच्या दिवशी हवा कोरडी हवी, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते. चित्र टेबलावर आडवं ठेवा, मऊ ब्रशने धूळ झटका, पंखा बंद करा, मॅट वार्निशचा एक पातळ हात एकाच दिशेने द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. ओल येणाऱ्या भिंतीवर टांगायचंच असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा फिरेल.